राबियाबीची घंटी

७ नोव्हें. ६६, सोम.
खामगावचा लाइनमन नवी तार टाकून राह्यला. आजवर आमचं गाव अन् खालचं गाव एकाच तारेवर. घंटी दोन्हीकडं वाजे. दोन लांब वाजल्या तं माही. एक लांब, दोन आखूड वाजल्या तं खालच्या राबियाबीची. तिच्या ओसरीतबी गावासाठीचा सरकारी फोन, माहे मालक गेल्यापासून माह्याकडं आहे तसाच. कापसाच्या शेठची तक्रार, भाव दोन गावं ऐकतात. ऐकतात तं ऐकतात!

८, मंगळ.
दुपारी हँडल फिरवून राबियाबीले सांगितलं. तार येगळी होते. आता एकमेकीले एक्सचेंजजवळ मागायचं, पैसे भरायचे.
"मंग आपुन बोलावं कवा, बाई?"
"बोलून कोणता उजेड पाडतो? तुह्या कोंबड्या, माहे गुडघे."
ती हसली. मी नाही. इतके वर्स बोललो, तोंड नाही पाह्यलं एकमेकीचं.

१०, गुरु.
लाइनमनले चहा दिला. म्हटलं, खांबावर दोन्ही तारा जोडून ठेव, कोणाले दिसते?
"मावशी, नौकरी जाईन माही."
"जाऊ दे."
चहा अर्धा टाकून उठला. दिवस बुडायच्या आत काम उरकलं.

११, शुक्र.
दुपार. एक घंटी वाजली, लांबच लांब. माही नव्हती. बसून राह्यली. भाकर एकटीची, तीबी उरली.

१४, सोम.
शेठचा ट्रंक कॉल लावायले फोन उचलला तं एक्सचेंजचे बाबू अंगावरच आले. "शुक्रवारी खालच्या गावानं तुम्हाले मागितलं होतं. उचललं काऊन नाही?"
म्हटलं, माही घंटी वाजलीच नाही.
"आता तार एकट्या तुमची, बाई. कशीबी वाजली तं तुमचीच."
हे आधी सांगाले तोंड दुखत होतं?
पैसे टाकून राबियाबी मागितली. वाजून वाजून बंद पडली. तीबी आपल्या घंटीची वाट पाहत तिथंच बसली असन, फोनच्या बाजूले.

१५, मंगळ.
बाबूले म्हटलं, तिले जुनी घंटी द्या. "तसं आता होत नाही." फोन सोडून मले जाता येत नाही. खालच्या गावच्या मोटारीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला, राबियाबीले म्हणा कशीबी वाजू दे, उचल. तो हाव म्हणला अन् बिडी पेटवाले लागला. सांगितलं का नाही, देव जाणे.
आता परत मागितली आहे. एका हातानं लिहून राह्यली, दुसऱ्यानं कानाले धरला. तिकडं वाजून राह्यलं. उचल नं, बाई