पुढं नवा गडी

३ नोव्हेंबर
सोलापुरात येऊन आठवडा झाला. याच जिल्ह्यातल्या केमहून आलेल्या माणसाला हे शहर फार मोठंही वाटत नाही आणि परकंही नाही. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी लागली, आणि आज तर दोस्तही मिळाले. सिद्धराम दुधनीचा, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरतो. प्रियंका शाळेत खेळ शिकवते. दोघं दर शनिवारी रात्री वनखात्याच्या जंगलातून सायकली पळवतात. दिवसा का नाही, असं विचारलं तर सिद्धराम म्हणाला, हितं दिवसा ऊन नसतंय, भट्टी असती की! मी लगेच एक जुनी गिअरची सायकल घेऊन टाकली. उत्साह नुसता उतू चाललाय.

८ नोव्हेंबर
पहिली फेरी झाली. कडुलिंब आणि सुबाभळीतून जाणारी अडीच हात रुंद वाट, कपाळावर बॅटरी, खाली मुरूम. यांचा एक रिवाज आहे: नवा गडी पुढं. कारण कोळी. वाटेवर आडवी जाळी विणून ठेवतात, ती पहिल्याच्या तोंडावर तुटतात. म्हणून पुढच्याच्या हँडलला एक उभी फोक बांधतात. परतेपर्यंत माझ्या फोकेवर मूठभर जाळं गोळा झालं होतं आणि एक कोळी कॉलरीतून पोटापर्यंत पोचला होता. प्रियंका हसून हसून सायकलवरून उतरली. मला मात्र मान मिळाल्यासारखं वाटलं.

१९ नोव्हेंबर
आज गुरप्पा नावाचा माणूस मानेचा एक्स-रे काढायला आला. तिशीचा असेल. गळ्यावर या कानापासून त्या कानापर्यंत जांभळा व्रण, मधोमध श्वासासाठी नळी. बोलता येत नाही. माझं सायकलचं हेल्मेट बघून खुर्चीतून उठला. शनिवारी रात्री जंगलात जातो, असं मी सांगितलं. मग त्याने फॉर्मच्या मागे लिहिलं, की ऑगस्टात तोही सिद्धराम आणि प्रियंकाबरोबर जायचा. पुढं. वाटेवर आडवी तार होती, बारीक, गळ्याच्या उंचीला. शेवटी लिहिलं, तू पुढं जाऊ नको.

२१ नोव्हेंबर
सिद्धरामला विचारलं. म्हणाला, डुकरांसाठी कुणीतरी बांधली आसंल, गुरप्पालाच लई घाई. मी साफ सांगितलं, मी पुढे राहणार नाही. सिद्धरामने प्रियंकाकडे बघितलं. शेवटी प्रियंका म्हणाली, मी जाते. मला लाज वाटली, पण मी तिला अडवलं नाही.

२३ नोव्हेंबर
काल उतारावर प्रियंका माझ्यापुढे वीस फुटांवर होती. फोक मोडली, टण्ण असा आवाज झाला, बस. सायकल तशीच पुढे गेली, ती मागे पडली. तार तोंडात घुसली होती. दोन्ही गाल कानापर्यंत फाटलेले, जबडा छातीवर लोंबत होता, दात मुरमात. मी शर्ट काढून दाबून धरला, तो भिजून जड होत गेला. सिद्धरामने आधी तार सोडून खिशात घातली. मग तिच्याकडे बघितलं. दवाखान्यात त्याने अपघात सांगितला. पहाटे चारला प्रियंका गेली.

२४ नोव्हेंबर
सिद्धराम खोलीवर आला आणि सगळं ओकला. मार्चात एका रानात मेंढ्या बसवल्या होत्या. खतासाठी शेतकरी रात्रभर कळप बसवून घेतात. भोवती जाळी लावतात आणि मेंढपाळ जाळीला खेटूनच झोपतो. सिद्धराम आणि प्रियंकाने शर्यत लावून, बॅटऱ्या विझवून, त्या रानातून आडव्या सायकली घातल्या. सिद्धरामचं चाक तात्याबा नावाच्या म्हाताऱ्याच्या गळ्यावरून गेलं. तो मेला नाही. गळ्यातून घर्र घर्र हवा जात होती. त्याच्याच जाळीत गुंडाळून त्याला जंगलातल्या ओढ्यापर्यंत ओढत नेला. आवाज थांबेना, म्हणून सिद्धरामने तोंडावर दगड घातला. तीनदा. पावसाळ्यापासून वाटेवर तार येते, दर वेळी नव्या जागी. तरी जंगलात कुणाला काही सापडलं का, यावर नजर ठेवायला दोघं जातच राहिले. म्हणून नवा गडी पुढं.

कोळी म्हणे! माझा गळा यांनी तारेसाठी पुढे केला होता. मी त्याच्या तोंडावर इतक्या बुक्क्या मारल्या की माझी बोटं फुटली. त्याने हात वर केला नाही.

२७ नोव्हेंबर
त्या रात्री जंगलात टाकून आलेली माझी सायकल आणायला गेलो. रस्त्यात चंद्रव्वा भेटली, तात्याबाची बायको. कळप घेऊन परत त्याच शिवारात आली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारते. मलाही विचारलं, लेकरा, आमचं मालक दिसलं का रं कुटं? रातचं जाळीपाशी निजलं हुतं, सकाळी न्हाईतच. मी नाही म्हणालो. पोलीस, चौकशी, नोकरी, सगळं डोळ्यांपुढे आलं. तिने तांब्याभर ताक दिलं. ते मी प्यालो. मी नीच आहे.

३० नोव्हेंबर
आज सकाळी तार माझ्या दारात होती. चौकटीत, गळ्याच्या उंचीला. दुसऱ्या मजल्यावर! कडी आतून लावलेली.

१ डिसेंबर
सिद्धरामच्याही दारात होती. ठरलं — हाडं काढायची, चंद्रव्वाच्या हवाली करायची, मग पोलिसांत जायचं. उद्या. जाताना सायकली हातात धरून, पायी. येताना पळता यावं म्हणून सायकली. वही खिशात ठेवतोय.

२ डिसेंबर
शोधता शोधता अंधार पडला. ओढ्यात जाळी सापडली. दगडही. आत कोणी नाही. जाळीची नीट घडी घातलेली —

सिद्धराम किंचाळत सायकलवर बसून सुटला. मी मागे. चालत आलो तेव्हा त्या वाटेवर तार नव्हती, मी शपथ घेऊन — त्याचं डोकं माझ्या चाकाखाली आलं. धड तसंच पुढे गेलं, सायकलवर, दहा फूट. मी पडलो. मांडीचं हाड कातडीतून बाहेर

पुढे कोणीतरी झाडावरून तार सोडतंय. सावकाश. हाताला गुंडाळत.

घर्र घर्र.

ओरडून सांगतोय, मार्चात मी नव्हतो, मी केमचा, ऑक्टोबरात आलो — थांबत नाही —

पण चंद्रव्वाला नाही म्हणालो. ते मीच. सांगतो, आता सांगतो. मावशी, तुमचे मालक दिसले. दिसतायत. इथेच आहेत, अगदी माझ्या