तीस सेकंदांत तीन गोळे

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११.

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद त्या त्या दिवशीच झालेली बरी, नंतर लोक श्रेय कुठल्या कुठे नेतात.

काम असं. आमची संस्कृती (नववी) आणि तिच्या वर्गातले समर्थ व ऋतुजा यांनी स्पर्धेसाठी रोबो बनवला आहे. साधारण मिक्सरच्या खोक्याएवढा, खाली चाकं, पुढे पकड. सामन्याच्या पहिल्या तीस सेकंदांत रिमोटला कुणी हात लावायचा नाही. रोबोने आपला आपण लाल गोळा शोधायचा, उचलायचा, टोपलीत टाकायचा. निळा उचलला तर गुण वजा. संस्कृतीच्या प्रोग्रामवर रोबो एक गोळा टाकतो. दर वेळी टाकतो, पण एकच.

मी म्हणालो, तीन टाकू. ती म्हणाली, आम्ही बघतोय बाबा. मी म्हणालो, मी आहे ना. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. आदर दिसला.

नियमपुस्तकात आहे की प्रोग्राम मुलांनीच लिहायचा, मोठ्यांनी फक्त मार्गदर्शन करायचं. मार्गदर्शन कुठे संपतं ते लिहिलेलं नाही. ढिसाळ ड्राफ्टिंग.

२३ सप्टेंबर, मंगळवार. खराडी, जेवणाची सुट्टी.

ऑफिसात नवे साहेब आलेत. वय चौतीस. सगळ्या मॅनेजरांना फॉर्म पाठवलाय. प्रश्न चौथा: आपण शेवटचा कोड कोणत्या वर्षी लिहिलात? मुदत दिवाळीनंतर.

मी मॅनेजर होऊन चौदा वर्षं झाली. कोड लिहून घेतला तो धरत नाहीत म्हणे. शेजारच्या टेबलावरच्याने बिनदिक्कत 'मागच्या आठवड्यात' लिहिलं. मला रकाना भरवेना. खरं सांगायचं तर डबाही संपला नाही.

निश्चय: तीन गोळे टाकायचे आणि मगच चौथा प्रश्न भरायचा.

२७ सप्टेंबर, शनिवार. दुपारी १२.५०.

सोसायटीच्या हॉलमध्ये पहिला सराव. फरशीवर टेप लावून मैदान आखलं. हॉलची किल्ली हिंमतराव चेअरमन यांच्या कमरेला असते. सोसायटी त्यांच्या वडिलांच्या शेतावर उभी आहे, हे ते आल्यागेल्याला सांगतात.

मी केलेल्या पहिल्याच सुधारणेनंतर रोबो सरळ जाऊन त्यांच्या खुर्चीला धडकला. ते म्हणाले, ह्याला दिसत न्हाई का? मी सांगितलं, काका, रंग ओळखायचा सेन्सर आहे ना. ते म्हणाले, मग चष्मा लावा त्याला, आन् एक ते चार हॉल बंद हाय.

दहा मिनिटं अजून मिळाली असती तर झालंच होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

मुलांची सहामाही आठवड्यावर म्हणून रोबो आमच्या घरी. उत्तम. आता कामात व्यत्यय नाही.

सकाळी पूजा. गाडी, स्कूटर, लॅपटॉप, आमच्या सौ. रुपालीची शिलाई मशीन आणि अर्थातच रोबो. रुपाली म्हणाली, त्याच्यावर पाणी नको. मी म्हणालो, पाणी नाही, पण कुंकू तरी? चाळीस वर्षं घरात शस्त्रपूजा आहे, यंत्राला कोरडं कसं ठेवू? पुढच्या बाजूला बरोबर मधोमध एक छोटी काच आहे. तिच्यावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. झेंडूचा हार घातला. छान दिसत होता. ऊर भरून आला.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी १०.२०.

तीन!!!

सव्वीस सेकंदांत तीन लाल गोळे टोपलीत. एकदा नाही, चार वेळा. हार काढल्यापासून रोबो लाल रंग चुकवतच नाही. माझ्या सुधारणांचा परिणाम. हिंमतरावांनाही बोलावून दाखवलं. ते म्हणाले, बरं हाय.

घरी येऊन रुपालीला सांगितलं. ती म्हणाली, पोळ्या गार होतायत. संस्कृती अभ्यासातून उठून आली आणि म्हणाली, खरंच बाबा? मी तिला अक्षरशः उचललं. नववीतल्या मुलीला उचलू नये हे कमरेने नंतर सांगितलं.

चौथा प्रश्न आजच भरणार होतो, पण घाई कशाला? चार दिवस मुरू दे.

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.३०.

आज मैदानात निळे गोळेही ठेवले. काल ठेवले नव्हते, कारण एका वेळी एकच प्रश्न सोडवावा असं शास्त्र आहे.

रोबोने निळे उचलले. मग पांढरा टेनिस बॉल उचलला. मग हिंमतरावांच्या पांढऱ्या लेंग्यावर चालून गेला. ते खुर्चीवर चढले आणि म्हणाले, ह्याला समदंच आपलं वाटाया लागलंय.

किरकोळ बाब आहे. लाल ओळखता येतो हे महत्त्वाचं. आता फक्त बाकीचं न ओळखायला शिकवायचं.

११ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ६.

प्रोग्राम एक हजार एकशे चाळीस ओळींचा झाला. संस्कृतीचा दोनशे ओळींचा होता, यावरून कल्पना यावी.

मुख्य शोध: सेन्सरच्या लेखी जगात सगळंच लाल आहे. लाल गोळा खूप लाल, निळा गोळा जरा कमी लाल, हिंमतराव मध्यम लाल. यावर मी चौदा अटी लिहिल्या. आज दोन लाल गोळे पडले, निळा एकच उचलला, हिंमतराव सुखरूप.

आठवडाभर ऑफिसात डोकं नव्हतं. मीटिंगमध्ये साहेबांनी काही विचारलं, मी 'मध्यम लाल' म्हणालो. ते म्हणाले, प्रोजेक्टचं स्टेटस ना? मी हो म्हटलं.

निश्चय: मुलांची परीक्षा संपली की प्रोग्राम त्यांच्या हवाली करायचा आणि हात लावायचा नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी ७.

काळा दिवस.

परीक्षा संपली. मुलं आली. मी प्रात्यक्षिकाच्या तयारीत, म्हणजे हिंमतरावांना खुर्ची बदलायला सांगत होतो. तेवढ्यात ऋतुजाने ओल्या फडक्याने रोबो पुसला. म्हणाली, काका, सेन्सरवर काहीतरी लाल चिकटलं होतं.

मग रोबो चालू केला. तो जागेवर गोल फिरत राहिला. समोर लाल गोळा ठेवला, नाकाला लावला, तरी ढिम्म. माझ्या चौदाच्या चौदा अटी कुंकवाच्या होत्या.

संस्कृतीने विचारलं, बाबा, हे कुंकू कुणी लावलं? मी म्हणालो, परंपरा आहे. ती म्हणाली, काचेवर?

मी सुचवलं की पुन्हा तेवढंच कुंकू लावू. करंडा स्पर्धेला बरोबर नेऊ, प्रत्येक सामन्याआधी एक बोट. समर्थ फार सभ्य मुलगा आहे. तो म्हणाला, काका, तपासणीला विचारलं तर काय सांगायचं? मी म्हणालो, कॅलिब्रेशन. कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

कुंकवाचे प्रयोग. गुपचूप, हॉलच्या मागच्या पडवीत. जाड, पातळ, तेलातलं. रोबोने एकदाही ४ ऑक्टोबरसारखं पाहिलं नाही. रुपालीने करंडा शोधला, रिकामा सापडला. मला म्हणाली, अहो, बरं आहे ना तुमचं? मी म्हणालो, दिवाळीची साफसफाई. ती बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिली.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

सणाच्या दिवशी काम करू नये. तरी केलं. पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं, म्हणजे जुन्यातल्या अटी काढायला घेतल्या. एक काढली की तीन मोडतात. चकल्या बाधल्या असाव्यात. मुलं हॉलमध्ये दुसऱ्या कोपऱ्यात रोबो घेऊन आपलं काहीतरी खुडबुड करत होती. त्यांना म्हणालो, थोडं थांबा, देतोच. संस्कृती म्हणाली, सावकाश दे बाबा, काही घाई नाही.

स्पर्धा अठरा दिवसांवर आणि घाई नाही! या पिढीला गांभीर्य नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी १२.४५.

शून्य गोळे. आठवड्याचे एकूण शून्य.

इथे वाचणारं कुणी नाही म्हणून लिहितो. मला प्रोग्रामिंग येत होतं. खरंच येत होतं. खराडीला नुसते दगड आणि बाभळी होत्या, तेव्हा मी रोज येरवड्याच्या एका गाळ्यात बसून लिहीत होतो आणि लोक मला विचारायला यायचे. आता ओळ लिहितो आणि पुढची सुचत नाही. भीती वाटते. मुलीने माझ्यावर विश्वास टाकलाय आणि मी तिचा एक गोळासुद्धा घालवून बसणार आहे.

हिंमतरावांनी किल्ली वाजवली. एक वाजायला पंधरा मिनिटं होती, तरी वाजवली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. खराडी.

फॉर्मची मुदत आज. चौथ्या प्रश्नात लिहिलं: 'चालू वर्ष. स्वयंचलित रोबो, एकाच फेरीत अनेक गोळे.' ४ ऑक्टोबरला ते घडलं होतं, तेव्हा खोटं नाही. पाठवा दाबलं आणि ताट अर्धं सोडून उठलो. कँटीनचे छोले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.

हाती घेतलेलं तडीस नेलं. 'सलिल_फायनल_९' तयार. चाचणी झालेली नाही, कारण हॉल डोहाळजेवणाला दिलाय. पण या वेळी आतून वाटतंय.

नववा पेन ड्राइव्ह संस्कृतीच्या हातात ठेवला. तिने दोन्ही हातांनी घेतला, थँक्यू बाबा म्हणाली आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मी म्हणालो, नियमाचं काय, परीक्षकांनी विचारलं तर? ती म्हणाली, तू काळजी करू नकोस. माझ्यासाठी मुलगी खोटं बोलणार. रात्रीचं जेवण गेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. स्पर्धा. सकाळी १०.४०.

पहिला सामना. माझा प्रोग्राम चालू झाला आणि रोबो हलला! एक गोळा. दुसऱ्याच्या वेळी पकड अडकली, ती समर्थची बाजू. उभ्या उभ्या लिहितोय म्हणून अक्षर असं.

दुपारी १२.१५.

तीन. अठ्ठावीस सेकंद. तीन लाल, निळा एकही नाही.

मी ओरडलो. शेजारच्या पालकांना मिठी मारली. त्यांची टीम समोरची होती. चौदा वर्षांनी, देवा! मला अजून येतंय. डोळ्यांत पाणी आलं, आलं तर आलं.

दुपारी १.३०.

परीक्षकांची खोली. तीन मुलं समोर, मेंटॉर, म्हणजे मी, मागे खुर्चीवर, बोलायचं नाही असा नियम. परीक्षक बाई चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी विचारलं, यात मेंटॉरनी किती प्रोग्राम लिहिलाय? संस्कृती म्हणाली, एकही ओळ नाही, मॅडम. पापणी न हलवता.

ती माझ्यासाठी खोटं बोलली हे मला बघवेना. आणि, इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो, ते तीन गोळे कुणाचे हे कुणाला कळणारच नाही, हेही सोसवेना. मी उभा राहिलो. म्हणालो, मॅडम, तिला दोष देऊ नका, तो सगळा मी लिहिलाय. ऋतुजाने डोळे मिटले.

बाई म्हणाल्या, असं? दाखवा बरं. आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

वरून खाली गेलो. खालून वर आलो. तीनशे दहा ओळी. माझी एकही नाही. बाईंनी विचारलं, तिसरा गोळा कसा सापडतो? मी म्हणालो, अटी घातल्या आहेत. त्या म्हणाल्या, कुठे? मी एका ओळीवर बोट ठेवलं. ती तारखेची होती.

मग संस्कृतीने सांगितलं. दुसरा गोळा टाकेपर्यंत रोबो थोडा भरकटलेला असतो. म्हणून तो मागे जाऊन भिंतीला टेकतो. भिंत कुठे आहे ते पक्कं माहीत असतं, तिथून पुन्हा मोजायला लागतो. तीन वाक्यं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या, आपण बाहेर बसलात तरी चालेल.

संध्याकाळी ७.

मुलांना प्रोग्रामिंगचं पारितोषिक मिळालं. फोटो मी काढले. पहिल्या दोन फोटोंत माझा अंगठा आलाय.

समर्थ आणि ऋतुजाला सोडल्यावर गाडीत विचारलं, तुमचाच प्रोग्राम कधीपासून? संस्कृती म्हणाली, पहिल्यापासूनच, बाबा. तुझे सगळे पेन ड्राइव्ह ठेवलेत, एकही टाकला नाही. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, त्या शनिवारी मला उचललंस, केवढा खूश होतास. आणि नंतर तुझ्याकडे बघून सांगवेना. पण आज तू उभा राहिलास तेव्हा फार राग आला. तू लिहिलेलं खरंच त्यात असतं तर आम्ही बाद झालो असतो.

बरोबर आहे. माझा प्रोग्राम चालवला नाही म्हणून टीम वाचली. फॉर्म परत मागवता येतो का ते उद्या विचारायचं. बहुधा येत नाही.

नळ स्टॉपच्या सिग्नलला मी म्हणालो, ते भिंतीला टेकायचं मला पुन्हा सांगशील? ती म्हणाली, आज नको, दमलेय. उद्या सहा वाजता बस माझ्याजवळ, वही घेऊन ये.