नाव नसलेली बटनं

३ जून
दवाखान्यात आजपासून नवं सॉफ्टवेअर. सगळे "किती देखणं, किती देखणं" करून राह्यले. मले दिसत नाई, तं मी आपला स्क्रीन रीडर लावला, पडद्यावरचं वाचून सांगणारा. जुन्यात तो कानात नीट सांगे: पेशंटचं नाव, गाव, तारीख. नव्यात टॅब दाबत गेली तं, "बटन. बटन. बटन." कशाचं? मेल्या, नाव तं सांग!
सॉफ्टवेअर बसवाले आलेला नागपूरचा इंजिनिअर ऐटीत म्हणे, "मॅडम, एकच प्रोग्राम. विंडोजवर चालते, मॅकवर चालते, लिनक्सवर बी चालते."
माह्या टेबलावर चालत नाई, त्याचं काय?

५ जून
शेजारच्या टेबलावरच्या सुलभाताईले डोळे आहेत, तरी वैतागली. अक्षरं मुंगीएवढी. बटन कोणतं अन् नुसतं लिहेलं कोणतं, समजतच नाई. "पांढऱ्यावर फिक्कट राखाडी! कोण्या शहाण्यानं केलं व हे?"
बरं वाटलं ऐकून. वाटू नये, पण वाटलं.

९ जून
हिंगणीचे आजोबा सकाळच्या एसटीनं आले, बायकोले धरून. तिले मोतीबिंदू. डॉक्टरच्या आजच्या यादीत नावच नाई. तारीख मी भरली होती. त्या खान्यात बाण दाबला का तारीख सरकते, आवाज काहीच नाई. भलत्याच दिवशी पडलं नाव. डॉक्टरनं तिले तपासलं नाई.
"पोरी, तूच तं आज या म्हटलं होतं."
काय सांगू त्यायले?
दवाखान्याच्या साहेबानं बोलावलं. "मनीषा, तू आता फक्त फोन उचल. भरायचं सुलभा पाहीन. तुले बी सोपं."
सोपं मले नाई. त्यायले.

१२ जून
इंजिनिअरले फोन केला.
"मॅडम, बटनं आम्ही कॉम्प्युटरची घेत नाई, आम्हीच रंगवतो. म्हणून सगळीकडे सेम दिसते."
"मंग माह्या रीडरले वाचता येईन असं नाव त्यायले देता येत नाई काय?"
"येते ना. पण कोणी मागितलं नाई."
"मी मागून राह्यली."
"पुढच्या व्हर्जनमध्ये पाहू."
फोन आपटला. यायले दिसणं सेम पाहिजे. चालणं गेलं खड्ड्यात.

१६ जून
साहेब म्हणे उद्यापासून खाली चौकशीच्या खिडकीत बस. तिथं कॉम्प्युटर नाई. म्हणजे बाथरूम कुठं, एक्स-रे कुठं, हे सांगत बसायचं. इतकी वर्षं अपॉइंटमेंट मी सांभाळली...
म्हटलं, "जात नाई. बटनायले नावं येतपर्यंत इथंच बसीन."
"बसून करशीन काय?"
"बसीन."
घरी सांगितलं नाई. माय म्हणन, नोकरी आहे ते सांभाळ.

१७ जून
टेबल चाचपलं. कीबोर्ड नाई, फोन बी नाई. खुर्ची होती. बसली.
सुलभाताई हळूच, "काऊन हट्ट करतं व?" मंग तिनंच पाण्याचा गिलास हाताजवळ ठेवला.
दुपारी साहेबाचे बूट दारात येऊन थांबले. मी उठली नाई.