थोरलीचं काय झालं, तेवढं कळव

प्रिय ढमे,

या नावाने हाक मारणारं तिकडे कोणी नसेल, म्हणून मुद्दाम लिहिलं. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात, ती त्यांच्याहून जास्त. मीही बरी आहे, म्हणजे उठते, कामाला जाते, जेवते.

सरकारने आम्हा मुलींना विद्यापीठातून काढलं, तेव्हा साहित्य शिकवणाऱ्या बाईंनी घरी शिवणाचा क्लास काढला. तू हसायचीस, की ताई इतके दिवस शिकतेय आणि हिला साधं बटण लावता येत नाही. अगं, आम्ही तिथे बंदी असलेल्या कादंबऱ्या वाचायचो. बाई पुस्तक ब्लेडने सुटं करून प्रत्येकीला थोडी पानं द्यायच्या. ती अस्तरात शिवून घरी न्यायची, वाचायची, मग दुसरीला द्यायची. झडतीत सगळं पुस्तक एकदम जाऊ नये, म्हणून. शेवटचं प्रकरण मात्र आधी कोणी वाचायचं नाही, सगळ्यांनी मिळून ऐकायचं, असा बाईंचा दंडक.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांत बाईंना घेऊन गेले. मशीनवर अर्धवट शिवलेली बाही तशीच राहिली. मला वाटलं, रडू येईल. आलं नाही. घरी येऊन मी बटाटे सोलले. आम्ही अजून जमतो, पण आता खरंच शिवतो. परवा औषधांच्या दुकानातली ती अबोल मुलगी सुईत दोरा ओवता ओवता विचारती झाली, की कादंबरीतल्या थोरलीचं पुढे काय झालं. थोरली नवऱ्याला शोधत तुरुंगाच्या फाटकाशी येते, तिथे आमची पानं संपतात. कोणालाच सांगता येईना. तेव्हा कुठे मला रडू आलं.

तू देश सोडून निघालीस त्या दिवशी आईने माझा कोट तुझ्या अंगावर चढवला. दारात शिपाई उभे, मला तोंड उघडता येईना. त्या कोटाचं अस्तर डावीकडून उसव. वेडेवाकडे टाके माझेच. आत शेवटचं प्रकरण आहे. हे पत्र तिकडे निघालेल्या एक नर्सबाई हातोहात आणतील, पण तुझं उत्तर पोस्टात उघडलं जाईल. म्हणून पानं पाठवू नकोस. नात्यातली खबर असावी तसं लिही, थोरलीला नवरा भेटला का, ती घरी परतली का. आणि वाईट झालं असेल, तर वाईटच लिही. गोड बोलून फसवणारे इथे पुष्कळ आहेत.

तुझीच,
बटण लावता येणारी ताई