हात दिसला की नाही

९ नोव्हेंबर, रविवार

गोल दिला. शिट्टी वाजवली, मध्यरेषेकडे हात केला, झालं! मग ही धडधड कशाची?

हिंगणघाटला जिल्ह्याची मुलींची फायनल. रोहणा विरुद्ध वडनेर, शून्य-शून्य, तीन मिनिटं उरलेली. कॉर्नर आला. रोहण्याची गोलकीपर काजल आडवी झेपावली, बॉल तिच्या पुढ्यात पडला, आणि वडनेरच्या नऊ नंबरनं पाय घातला. बॉल जाळीत. काजलचं बोट बुटाखाली.

बॉल सुटा होता तर गोल बरोबर. काजलचा हात बॉलवर होता तर फाऊल. एवढंच पाहायचं होतं मला. रेफरी म्हणून त्यासाठीच तर उभं केलं होतं!

काजलजवळ गुडघ्यावर बसले, बोट पाहिलं, काहीतरी बोललेसुद्धा तिच्याशी. काय बोलले, देव जाणे. रोहण्याचे कोच अश्वजित सर लाइनीवरून ओरडत होते — "मॅडम, धरला होता नं तिनं!" आणि वडनेरच्या पोरी नाचत होत्या. मला दोन्हीकडचं खरं वाटत होतं.

१० नोव्हेंबर

बोट मोडलंय पोरीचं. डाव्या हाताचं, मधलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अश्वजित सरांनी तक्रार दिली. शाळेत तास चालू असताना जिल्हा फुटबॉल संघटनेच्या सेक्रेटरी साहेबांचा फोन. "वर्षाली मॅडम, शुक्रवारी पाचपर्यंत रिपोर्ट द्या. एकच गोष्ट लिहा — हात दिसला होता का नाई. नाई दिसला, तर तो तुमच्या नजरेचा निर्णय. गोल कायम, वडनेर नागपूरले जाते. दिसला अन् तरी गोल देला, तर नियमाची चूक. मॅच पुन्हा." आणि फोन ठेवता ठेवता — "तुमचं नाव राज्याच्या रेफरींच्या यादीसाठी गेलं आहे. ध्यानात ठेवजा."

ठेवलं ध्यानात! आठ वर्षं उन्हातान्हात पळते आहे त्या यादीसाठी.

नियम तर मला झोपेतही येतो. बॉल हाताला लागून उडाला तर सुटा. हाताखाली जमिनीवर दाबलेला असला तर धरलेला, आणि त्याला एक हातही पुरे. परीक्षेत पूर्ण मार्क मिळवलेत या प्रश्नाला. प्रश्न नियमाचा नाहीच. हात होता का? डोळे मिटले की कधी दिसतो, कधी नाही. दुपारी तर दोन्ही हात दिसायला लागले! डोकं आहे की भाजीबाजार?

१२ नोव्हेंबर

कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आला. आमचे हे, रजत, पन्नासदा पुढे-मागे करून बघतायत. "हे पाह्य, हात!" हात कसला, पायमोजा आहे तो. नेमक्या वेळी मध्ये नऊ नंबरची पाठ.

शेवटी संध्याकाळी त्यांना अंगणात आडवं केलं. बॉलवर हात ठेवायला लावला आणि मी सोळा पावलं मागे जाऊन उभी राहिले. ग्राउंडवर तेवढीच लांब होते. डावीकडून हात स्पष्ट दिसतो. एक पाऊल उजवीकडे सरकले की गायब! आणि मी तेव्हा डावीकडे होते की उजवीकडे, तेच आठवत नाही. शेजारच्या मीराबाई कुंपणावरून — "काय झालं वो भाऊले? पडले काय?" हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग थांबेचना. ते पाणी हसण्याचं नव्हतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लाइनवर झेंडा घेऊन नत्थूभाऊ होते. त्यांना फोन केला. "मले तर नुसते पायच दिसले, मॅडम. 'सुटा होता' लिहून टाका अन् मोकळ्या व्हा. काऊन जिवाले तरास करून घेता?" चांगला माणूस. पण नुसते पाय दिसले तर त्याच वेळी सांगायचं नं, बाप्पा!

सुटा लिहिलं आणि हात असला तर? रोहण्याच्या अकरा पोरींचं वर्ष मी खाल्लं. हात होता लिहिलं आणि नसला तर? वडनेरच्या अकराजणींचं. न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं कसं?

आज उगीच अण्णाजी आठवले. सिंदीला स्टेशनमागच्या मैदानावर आम्हाला खेळवायचे. पोरांत मी एकटी मुलगी, म्हणून गोलकीपर. एका हाताखाली दाबलेला बॉल कितीदा लाथेनं उडवलाय पोरांनी! मी रडले की अण्णाजी दटावायचे — "दोन्ही हातात आल्याबिगर बॉल कोणाचाच नाई!" नियमाचं पुस्तक बघितलं नसेल कधी त्यांनी. पण जीव लावायचे.

असो. उद्या पाचपर्यंत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

"हात दिसला नाही" असं लिहून सही करून टाकली होती. मधल्या सुट्टीत फोन वाजला. काजल! वाटलं, आता भांडणार.

"मॅडम, सर उगाच भांडून राह्यले. मी त्याइले सांगतलं, मॅडमनं तवाच मले समजावून देलं होतं. तुम्ही बोट पाहताना म्हटलं नं — 'एकच हात होता, पोरी, दोन्ही पायजेत.' बोट जुळलं का मी दोन्ही हातानंच धरीन. लहान पोरीइलेही तेच शिकवून राह्यली."

कागद फाडला. नवा घेतला.

हात दिसला होता. एकच होता. एक पुरे होता.