पंचविशीतला मेंदू

५ नोव्हेंबर २००६, पांढरकवडा
पोरगी प्रियंका नर्सिंग शिकून राह्यली. सुट्टीत आली अन् मलेच शिकवून गेली. म्हणे, बाबा, वय झालं की मेंदूतलं डोपामिन घटते, उमेद जाते. अ‍ॅसिटिलकोलीन घटते, नवं ध्यानात राहत नाही. म्हटलं, लोकाइचं घटत असन. मी कापसाचा ग्रेडर. रिटायर झालो तरी बोटं अजून ड्युटीवर आहेत.

६ नोव्हेंबर, सकाळ
जफरभाईच्या जिनिंग कारखान्यात ग्रेडर पाह्यजे. आधी ट्रायल. हे काम मले मिळालंच पाह्यजे. घरी बसून बायको शीलाच्या भाजीले ग्रेड देतो, अन् ती समोरचं ताट उचलते. संकल्प: रोज अक्रोड, डाव्या हातानं ब्रश, पेपरातलं शब्दकोडं.

सायंकाळ
अक्रोड महाग. शेंगदाणे खाल्ले. मेंदूले काय समजते.

८ नोव्हेंबर
ट्रायल सुरू. डबा घरीच राह्यला. शीला म्हणे, तुमच्या हातात देल्ला होता. देल्लाच नाही. बिचारीचं अ‍ॅसिटिलकोलीन घटलं. प्रियंकाले कळवतो.

१० नोव्हेंबर
सकाळी रुपीबाईची बैलगाडी. माल पिवळट. तीन नंबर देल्ला. भाव परवडत नाही म्हणून बाई गाडी वळवून गेली. जेवण झाल्यावर दुसऱ्याच एका बाईची गाडी आली. दुपारच्या उन्हात पांढराशुभ्र माल! एक नंबर. बाईनं दोनदा हात जोडले. मालाची कदर करणारा माणूस पाह्यजे.

१२ नोव्हेंबर
नवल आहे. सकाळी तीन नंबर देल्ला तरी कोणी भांडत नाही. हसत हसत गाडी वळवतात. अन् दुपारची रांग पार हायवेपर्यंत. जफरभाईले म्हटलं, माह्या नावानं आवक वाढली. तो नुसता रांगेतल्या गाड्या पाहत राह्यला. डोपामिन कमी.

१३ नोव्हेंबर
दुपारच्या सगळ्या बैलाइची शिंगं गेरूनं लाल. पोळा तर कवाचाच झाला. यंदा लोक मोठे हौशी. सगळ्याइले एक नंबर देल्ला.

१४ नोव्हेंबर
जफरभाईनं ऑफिसात बसवलं, चहा पाजला. म्हणे, काल सकाळी तुम्ही तीन नंबर देल्लेल्या गाड्याइच्या बैलाइले मीच गेरू लावला होता. त्याच गाड्या दुपारी तुम्ही एक नंबरनं पास केल्या. मंग हळूच विचारलं, मारोतीकाका, मुद्दाम केलं, का ध्यानात नाही राह्यलं?

विसरलो म्हणावं तर म्हातारा. मुद्दाम म्हणावं तर चोर. छाती काढून म्हटलं, मुद्दाम केलं.

जफरभाई रागावला नाही. माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, बरं काका, चला, तुमाले घरापर्यंत सोडून देतो.