पहिलं पान आणि लुंबिनीची जागा

लातूर,
रविवार

ती. निवृत्तीमामा यांना,

धम्मदीपचा सविनय जयभीम. मामींनाही जयभीम. तुमचे गुडघे, मामींची शुगर आणि गल्लीतला नळ ही तिन्ही बरी असतील असं धरून चालतो. (नळाचं विचारायला नको होतं. लातूरच्या माणसानं नांदेडच्या माणसाला पाण्याचं विचारलं की तो टोमणाच वाटतो.) आई बरी आहे. ऐकू कमी येतं, पण जे ऐकायचं असतं ते तिला पलीकडच्या खोलीतूनही ऐकू येतं. तुमची सूनबाई, म्हणजे माझी बायको, बरी आहे आणि माझ्याशी बोलत नाही, त्याचं कारण पुढं येईल.

पत्राला कारण तुम्हीच दिलंत. तुमच्या नातीची, लुंबिनीची दहावी संपत आली, अकरावीपासून तिला लातूरला आमच्या क्लासमध्ये टाकायचं तुम्ही ठरवलंत, आणि मी एक जागा धरून लगेच कळवावं असा हुकूम पोस्टकार्डावर पाठवलात. (तिच्या बापाचं मत त्यात नव्हतं. तो तुमच्यापुढं आजवर कधी बोललाय म्हणून आता बोलेल.) कार्डाच्या कडेला आडव्या अक्षरांत आणखी एक चौकशी होती, की क्लासमधून आल्यावर मी त्या कॉम्प्युटरवर फुकटचं काय करत बसतो ते एकदा स्पष्ट सांगावं. मामा, जागेचं उत्तर देण्याआधी मला दुसऱ्या चौकशीचं उत्तर द्यावं लागणार आहे, कारण पहिलं त्यातूनच निघतं. तेव्हा चष्मा लावून, पाठीला उशी घेऊन बसा.

एसटी कंडक्टरच्या गळ्यातलं तिकिटाचं यंत्र, विहिरीवरच्या मोटारीला लावलेली पेटी, घरातला इंटरनेटचा डबा, असल्या यंत्रांच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्यात बऱ्याचदा लिनक्स चालतं. प्रत्येक यंत्राचं माप वेगळं, म्हणून ते लिनक्स त्या मापानं बेतून द्यावं लागतं. हे बेतायचं काम करणारी एक खुली व्यवस्था आहे. जगभरची माणसं ती मिळून चालवतात, कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी. पगार नाही. (हे वाक्य आईला अजून माहीत नाही.) इंजिनिअरिंग तुमच्या नांदेडच्या विष्णुपुरीला केलं, पुण्यातली नोकरी आईच्या आजारपणात सोडली, आणि आता मी कोचिंगवाल्यांच्या गल्लीत माईक लावून भौतिकशास्त्र सांगतो. तेव्हा जे शिकलो ते कुठंतरी वापरावं, एवढ्याच हावेनं मी या मंडळींत शिरलो.

शिरताना पहिल्या पानालाच अडखळलो. नव्या माणसासाठी लिहिलेली पानं त्या व्यवस्थेच्या इतिहासानं सुरू होत. मग शब्दांचे अर्थ, मग इशारे, आणि मग 'झटपट सुरुवात' नावाचं प्रकरण. त्या झटपट सुरुवातीनं माझा अख्खा रविवार घेतला, लाइट गेली तेव्हा अर्ध्यावर मान टाकली, आणि डिस्कवर जागा उरली नाही म्हणून मी जे काही पुसलं त्यात सासऱ्यांच्या सेवानिवृत्ती सत्काराचा व्हिडिओ होता. (सूनबाईचं कारण हेच. माझं म्हणणं असं की सासरे अजून हयात आहेत, पुन्हा सत्कार करता येईल. ते तिला पटलेलं नाही.) चिडून मी त्या मंडळींना लिहिलं की ही सुरुवातीची पानं नव्यानं लावली पाहिजेत. त्यांनी अतिशय नम्रपणे कळवलं की मग तुम्हीच लावा.

ती पानं लावलेली नव्हती असं नाही. चार कप्पे होते, प्रत्येक कप्प्याला सुंदर नाव होतं, आणि नवा माणूस कुठून आत यायचा याचा पत्ता नव्हता. भूकंपानंतर आपलं गाव उचलून माळावर नेलं, तेव्हा तुम्ही पुनर्वसनाच्या कचेरीत होता आणि नकाशाची गुंडाळी घेऊन आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आला होतात. सरळ रस्ते, काटकोन, जमिनीच्या मापानं घरांचे आकार. नकाशा देखणा होता, मामा, मी लहान होतो तरी आठवतो. फक्त आईची जन्माची शेजारीण साखराबाई गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, आणि मी कितीतरी दिवस शाळेतून येऊन दुसऱ्याच्या घरात शिरून जेवायला मागत होतो. (आपली वस्ती मात्र नव्या नकाशातही बरोबर गावाच्या कडेलाच आली. तेवढी एक गोष्ट कुणाच्या हातून चुकली नाही.) तुम्हाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. किंवा थोडा लावण्यासाठीच लिहितो आहे.

तर मी कप्पे मोडले आणि एकच पहिलं पान केलं. एक काम करा, थांबा, पडद्यावर काय आलं ते बघा, मग पुढं. यंत्र विकत घ्यायचीही गरज नाही, कॉम्प्युटरच्या आतच एक खोटं यंत्र चालू होतं आणि शेवटी ते तुमचं नाव विचारतं; विचारलं की जमलं. यावर त्या मंडळींच्या सभा झाल्या. 'ओळख' आधी की 'सुरुवात' आधी, यावर एका थंड देशातले गृहस्थ आणि दुसऱ्या थंड देशातल्या बाई इतक्या सभ्यपणे भांडल्या की भांडण चालू आहे हे मला दुसऱ्या सभेत कळलं. शेवटी ठरलं की ज्यांनी हे कधी केलेलं नाही अशा तिघांना पानासमोर बसवा, मागं उभे राहा, तोंड उघडू नका, आणि जे होईल त्याचं चित्रण पाठवा. अट मला मनापासून आवडली. ती लातूरमध्ये पाळायची होती, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या क्लासचे संचालक विरूपाक्ष सर. त्यांनी आनंदानं परवानगी दिली आणि पेपर किती मार्कांचा ते विचारलं. पेपर नाही, म्हटल्यावर ते कळवळले, आणि माझ्या भल्यासाठी पान आदल्या आठवड्यातच पोरांना वाटून टाकलं. खाली रेघा मारून, समासात 'अतिमहत्त्वाचे' लिहून. चाचणीला अबुजर, शिवकन्या आणि जेबा बसले. तिघंही हुशार, तिघंही मेडिकलसाठी दुसऱ्यांदा बसणारे. तिघांनीही पानाकडं एकदाही न बघता टाइप करायला सुरुवात केली. तेवढ्यात क्लासचं इंटरनेट गेलं आणि तिघांच्याही पडद्यावर लाल अक्षरं आली, की काहीही उतरलेलं नाही, पुढं जाता येणार नाही. एकही हात थांबला नाही. दुसरी आज्ञा, तिसरी, चौथी, खाली लालच लाल. शिवकन्यानं तर शेवटी यंत्रानं जी ओळ दाखवायला हवी होती ती स्वतःच्या हातानं टाइप करून ठेवली, भोवती उत्तराची चौकट आखली आणि हात बांधून बसली. मला तोंड उघडायची बंदी होती, तरी मी अबुजरला विचारलंच, की बाबा, लाल आलेलं दिसलं नाही का.

"दिसलं की सर," तो म्हणाला. "पण उत्तर चुकलं तरी पुढची स्टेप लिहायची असती. स्टेपचे मार्क भेटतेत."

बारावीच्या पेपरासाठी हे त्याला माईकवरून मीच सांगितलं होतं, आणि ते त्यानं नीट ध्यानात ठेवलं होतं.

चित्रण पाठवलं आणि सोबत खरं काय ते लिहिलं, की पोरांनी पान पाठ केलं होतं, काम काहीच झालेलं नाही. पलीकडून उत्तर आलं की इतक्या वेगानं, एकदाही न अडता सुरुवातीची पानं पार करणारे नवशिके आम्ही आजवर पाहिले नव्हते, लाल अक्षरांचा दोष तुमच्या इंटरनेटचा, आणि तुमचा विनय आम्हाला भावला. नवी आवृत्ती निघायची घाई होती. माझं पान लागलं. जगात आज कुणीही हे काम शिकायला बसलं की पहिलं माझं पान वाचतं, मामा, आणि ते चांगलं आहे याचा पुरावा म्हणजे आमच्या क्लासच्या तीन पोरांचं पाठांतर.

दिवाळीच्या सुट्टीत लुंबिनी आमच्याकडं होती ते तुम्हाला माहीत आहे. त्यात तिनं काय केलं ते माहीत नसेल. दुपारी कंटाळली म्हणून मी तिला त्या पानासमोर बसवलं. पहिल्याच ओळीला तिनं विचारलं की हे कशासाठी करायचं. मला बोलायची बंदी. मग तिनं हात खाली घेतले आणि तशीच बसून राहिली. माझ्याकडं कुणी इतक्या शांतपणे न समजल्याचं कबूल करून बसलेलं मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. लाल आलं तेव्हा ती थांबली आणि ते लाल वाचू लागली. वाचतं का कुणी? बोट ठेवून, एकेक शब्द, कळेपर्यंत. आणि पुढच्या पायरीला मला म्हणाली की काका, इथं तुम्ही खोटं लिहिलंय, 'काही मिनिटांत होईल' म्हणता, मी जेवून भांडी घासून आले तरी चालूच आहे. संध्याकाळी खोट्या यंत्रानं नाव विचारलं. तिनं लुंबिनी लिहिलं, त्याला एकच ठरलेलं नाव चालतं, त्यानं ओळखायला नकार दिला, आणि ही पोट धरून हसली. पलीकडच्या खोलीतून आई विचारत आली की काय झालं. मामा, मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

ती जिथं जिथं अडली तिथं तिथं मी पान बदललं आणि पाठवलं. नाकारलं गेलं. नम्रपणे. या पानाची चाचणी आधीच तीन नवशिक्यांवर झालेली आहे, त्यांचा निकाल या एका मुलीपेक्षा पुष्कळ सरस आहे, तेव्हा बदलाची गरज दिसत नाही.

इकडं विरूपाक्ष सरांनी पानाची पुस्तिका छापली, वर स्वतःचा फोटो, आणि आठवी-नववीसाठी नवी बॅच काढली. पान खुलं आहे, कुणीही छापावं, तक्रारीला जागा नाही. (माझं नाव आभारात आहे, झेरॉक्सवाल्याच्या खाली.) वर सर खूश होऊन म्हणाले की तुमच्या घरचं कुणी असेल तर सांगा, कुठल्याही बॅचला पहिल्या बाकावर बसवू. पहिला बाक आमच्याकडं आमदारांच्या शिफारशीनंही मिळत नाही. मी लुंबिनीचं नाव सांगून आलो.

तेव्हा मामा, जागा धरली आहे. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं झाली. मामींना नमस्कार, गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमचा भाचा,
धम्मदीप

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद लिहून पाकीट चिकटवणार होतो, हात होईना. तिला पाठवू नका. ती इथं आली तर वर्षभरात लाल अक्षरं बघून न थांबायला शिकेल, आणि शिकवणारा मी असेन. मी सरांना नाही म्हणू शकत नाही, माझी नेमणुकीची ऑर्डर वर्षावर्षाची आहे आणि पहिला बाक मीच मागितल्यासारखं झालंय. तुम्ही तुमच्या हस्ताक्षरात लिहा की नातीला नांदेडलाच ठेवणार. कारण काहीही द्या, तब्येतीचं द्या. ते मी सरांना दाखवीन. एवढ्यासाठीच इतकं लांब लिहिलं.

ता. क. दुसरा. आईनं सगळं पत्र वाचून दाखवायला लावलं. (पगाराचं वाक्य गाळलं.) ऐकून म्हणाली, "तू न्हाई म्हणायलास, निवृत्ती व्हय म्हणायलाय. त्या पोरीला कुणी इचारलं का?" मग तिनं स्वतःच सूनबाईकडून फोन लावून घेतला आणि माझ्या हातात दिला. लुंबिनीला मी विचारलं. ती लगेच म्हणाली, "येते की काका. दुसरीकडं कुठं गेले नसते. पण तिथं शिकवायला तुम्ही हायेत ना, काही न्हाई कळलं की हात वर करून विचारता येईल."

आमच्या हॉलमध्ये दोनशे पोरं बसतात आणि हात वर करायचा नाही असा नियम आहे. तो मीच माईकवरून सांगतो. पण फोनवर ती उत्तराची वाट बघत होती, आणि मी हो म्हणालो. मामा, तुम्ही तरी नाही म्हणा.